घर पाहावे ढकलून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने काढली, त्याने घर ढकलून पाहिले नसावे. मी पाहिले आहे. गेल्या वर्षीची दिवाळी मी इंग्लंडात, डर्बी शहरी, लेकीकडे केली. तेथे हा योग आला.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, की मी एस. टी.तून निवृत्त झालेला माणूस. मागे येणाऱ्या गाडीच्या पाठीशी उभे राहून, शिट्टी मारीत, ‘येऊ द्या, येऊ द्या... बास!’ असे ओरडण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. तेव्हा गाडी मागे घेण्याच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवावे, हे मला खपत नाही. निदान त्या संध्याकाळपर्यंत खपत नव्हते.

लेकीच्या दारात कॅरॅव्हॅन आहे. म्हणजे चाकांवरची खोली. आत दोन बिछाने, शेगडी, मोरी, कपाटे, सगळे काही. फक्त इंजिन नाही. मोटारीमागे जोडायची आणि सुट्टीत समुद्रावर नाही तर डोंगरात न्यायची. हा साहेबाचा जुना शौक. आरमारातून निवृत्त झालेल्या विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरांनी 1885 साली ‘वाँडरर’ नावाची अशी गाडी मुद्दाम बांधून घेतली आणि ट्वायफर्ड गावाहून थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत नेली. पुढे 1907 साली या शौकिनांचा क्लबही निघाला. त्या डॉक्टरांच्या गाडीला दोन घोडे होते. माझ्या जावयाच्या गाडीला, ठेवायची वेळ आली की, सासरा होता.

कारण रस्त्यावर ओढणे सोपे. घरी आणून जागेवर लावणे कठीण. कॅरॅव्हॅनची रुंदी सव्वासात फूट, फाटकाची आठ. समोरचा रस्ता बोळासारखा, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या मोटारी. शिवाय फाटकापासून घरापर्यंत जमीन उतरती. मोटारीने मागे ढकलू जावे, तर मोटारीचे तोंड वळायलाच जागा नाही. आणि चाक डावीकडे फिरवले की कॅरॅव्हॅनचे शेपूट उजवीकडे जाते, हे वेगळेच. म्हणून बाहेर ती सोडायची आणि माणसांनी हाताने आत लोटायची. वजन तेराशे किलो, म्हणजे पक्के तेरा क्विंटल.

दोन वर्षांपूर्वी असे लोटतानाच जावईबापूंची कंबर धरली. महिनाभर अंथरुणात होते. डॉक्टरांनी बजावले, पुन्हा ढकलाढकली नाही. मी गेलो तेव्हा घरात एकच विषय होता.

“विकून टाकू, बाबा,” लेक कणीक मळता मळता म्हणाली. मान वर केली नाही. लहानपणी बाहुलीचे घर मोडले, तेव्हाही ती अशीच खाली मान घालून बोलली होती. त्या कॅरॅव्हॅनच्या कपाटाच्या दारामागे नातवाच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, दर उन्हाळ्याची एक. कपाट विकताना खुणा काढून घेता येत नाहीत.

मग जावईबापूंनी ‘मूव्हर’चा शोध लावला. कॅरॅव्हॅन जागच्या जागी हलवणारी विजेची जोडमोटर. किंमत, बसवण्याच्या मजुरीसह, हजार पौंडांच्या वर. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि चहा ठसक्यात गेला.

“अहो, लाख रुपये? नुसते ढकलायला?”

“बाबा, माझी कंबर त्याहून महाग आहे,” ते हसत म्हणाले. मी गप्प बसलो. पटले म्हणून नव्हे. जावयाशी वाद घालू नये म्हणून.

मात्र यंत्र पाहिले आणि मनोमन मान डोलावली. कॅरॅव्हॅनच्या दोन चाकांजवळ, खाली सांगाड्याला, एकेक लहान मोटर आणि तिच्यापुढे खाचांचा एक रूळ. बटण दाबले की रूळ सरकून टायरला घट्ट चिकटतो. मोटर रुळाला फिरवते, रूळ चाकाला. वीज कॅरॅव्हॅनमधल्याच बारा व्होल्टच्या बॅटरीची, जिच्यावर आतले दिवे लागतात. एक चाक पुढे आणि दुसरे मागे फिरवले, की सबंध घर आपल्या पायावर गिरकी घेते! वेग मुंगीचा, मिनिटाला आठ-दहा मीटर. आणि हे सारे हातातल्या डबीवरून. यंत्राचे वजन तीसेक किलो. तेवढे सामान प्रवासात कमी न्यावे लागते, एवढाच भुर्दंड.

पण खरी मौज पुढेच आहे. बसच्या ड्रायव्हरचे दुःख हे, की तो बसतो पुढे आणि संकट असते मागे. म्हणून तर कंडक्टर लागतो. इथे डबी हातात घेऊन तुम्ही संकटाच्या शेजारीच उभे राहू शकता. भिंत जवळ आली की भिंतीपाशी जा, खांब जवळ आला की खांबापाशी. जावईबापू तसेच फेऱ्या घालीत होते आणि मी, कोणी न विचारता, मागून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करीत होतो.

धनत्रयोदशीची संध्याकाळ होती. हंगामातली शेवटची सहल आटोपून कॅरॅव्हॅन थंडीसाठी आत घ्यायची होती. घराच्या दाराशी, उताराच्या पायथ्याला, नातू गुडघ्यांवर बसून रांगोळी काढत होता. कॅरॅव्हॅन दोन्ही बाजूंना चार-चार बोटे राखून फाटकातून आत आली आणि जागेवर थांबली. मला राहवेना. म्हटले, “जावईबापू, शेवटचे बटण मी दाबणार.”

त्यांनी डबी माझ्या हातात दिली. “बाबा, जरा थांबा हं, आधी ब्रेक लावतो,” असे म्हणत ते पुढच्या दांडीकडे वळले. रूळ सोडण्यासाठी दोन बटणे एकदम, काही क्षण दाबून धरावी लागतात. चुकून दाबली जाऊ नयेत, म्हणून ही योजना. मी ती चुकून दाबली नाहीत. चांगली मुद्दाम, अंगठे रोवून दाबली.

रूळ सुटले. ब्रेक लागलेला नव्हता. आणि तेरा क्विंटलांचे ते घर, आवाज न करता, उताराकडे निघाले.

माझ्या तोंडून ‘बास!’ देखील निघाले नाही. वीतभर गेले असेल, तोच ‘खट्’ असा आवाज झाला आणि ते थांबले. चाकामागे लाकडाची उटी होती. शेजारचे ऐंशीच्या घरातले म्हातारबुवा, हे सगळे चालू असता, कुंपणातून आत येऊन ती ठेवून गेले होते. पूर्वी ढकलायला तेही यायचे. यंत्र आल्यावर त्यांना कोणी बोलावले नव्हते.

नातवाने मान वर करून पाहिले आणि पुन्हा रांगोळीत रंग भरू लागला. जावईबापूंनी ब्रेक करकचून ओढला. मला एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते, तर बरे वाटले असते.

रात्री चकल्या-करंज्यांचे ताट घेऊन मी एकटाच म्हातारबुवांकडे गेलो. माझे इंग्रजी बेताचे, त्यांच्या तोंडात कवळी. त्यांनी खुणेने सांगितले, की या गाड्यांचे चाक मागे कलले, तर ब्रेक ओढलेला असला तरी जरासे फिरूनच पकड घेते. म्हणून उतारावर उटी ही हवीच. मूव्हर असो वा नसो. मी पाहत राहिलो. एस. टी.त हेच मी नव्या पोरांना शिकवीत असे.

दुसऱ्या दिवशी मी एक चिठ्ठी लिहिली आणि लेकीच्या परवानगीने कपाटाच्या दारामागे, नातवाच्या उंचीच्या खुणांशेजारी चिकटवली:

‘निघताना: आधी रूळ लावा, मग ब्रेक सोडा, मग उटी काढा.
थांबल्यावर: आधी उटी, मग ब्रेक, सर्वांत शेवटी रूळ सोडा.
मोटारीला जोडून ओढण्यापूर्वी रूळ सुटले आहेत ना, ते वाकून पाहा.
पोरे आणि म्हातारे यांच्या हाती डबी देऊ नये.’

शेवटच्या ओळीतले ‘आणि म्हातारे’ लेकीने खोडले. मी ते पुन्हा लिहिले.

कॅरॅव्हॅन विकली नाही. या उन्हाळ्यात पेन्सिलची आणखी एक खूण वाढली, असे लेकीने फोनवर सांगितले. हल्ली कॅरॅव्हॅन आत घ्यायची असली, की म्हातारबुवांना आधी बोलावणे जाते. ते उटी घेऊन उभे राहतात आणि नातू माझी चिठ्ठी मोठ्याने वाचतो, साहेबी मराठीत. ‘उटी’ला तो ‘उठी’ म्हणतो.

म्हणेना का! वेळेवर लागली म्हणजे झाले.