सैतानाला कोण घाबरले?

‘कासियेरो देल दियाब्लो’ म्हणजे सैतानाचे तळघर. चिलीतल्या कोंचा इ तोरो कंपनीचा हा ब्रँड. त्याची फेसाळती वाइन ‘डेव्हिल्स ब्रूट’ या नावाने विकली जाते. साध्या लाल वाइनपासून या फेसाळत्या बाटलीपर्यंत साऱ्यांना पुरवलेली कथा एकच, आणि ती स्थानिक दंतकथा म्हणून जगभर सांगितली जाते.

कथा छोटी आहे. कंपनीचे संस्थापक डॉन मेल्चोर यांनी १८८३ मध्ये सांतियागोजवळच्या पिर्के गावी वाइनचा व्यवसाय मांडला. उत्तम वाइन ते तळघरात स्वतःसाठी राखून ठेवत. बाटल्या चोरीला जाऊ लागल्या. मग त्यांनी अफवा सोडली, की खाली सैतान राहतो. चोरी थांबली.

अफवा मालकाचीच, हे कंपनी लपवत नाही. त्याची हुशारी म्हणून ती अभिमानाने सांगते. पण या कथेत मालकाला नाव आहे आणि सैतानालाही. जे घाबरले, ते मात्र बिननावाचे. कोण असतील ते? तळघराची वाट ठाऊक असणारे. पिंपे वाहणारे, द्राक्षे खुडणारे. चिलीच्या मोठ्या जमीनदारीत असे मजूर मालकाच्याच जमिनीवर राहत आणि एका तुकड्याच्या बदल्यात पिढ्यानपिढ्या राबत. ‘इन्किलिनो’ म्हणत त्यांना. ही पद्धत मोडायला १९६७ चा जमीन सुधारणा कायदा यावा लागला. डॉन मेल्चोर तर जमीनदार, राजकारणी आणि मंत्रिपद भोगलेले. अशा माणसाने खाली सैतान आहे म्हटल्यावर नाही म्हणण्याची प्राज्ञा कोणाची?

आपल्याकडेही वाड्यातल्या गुप्तधनावर नाग बसलेला असतो. पण त्याला वाड्याचा धनीही भितो, हात जोडतो. पिर्केच्या सैतानाला धनी भीत नव्हता. तो धन्याचाच पहारेकरी होता. लोकांच्या श्रद्धेचा असा वापर ज्याने केला त्याची ती युक्ती. तिला त्या लोकांची कथा म्हणू नये.

आज त्याच तळघरात पर्यटकांना प्रकाश आणि आवाजाच्या खेळातून सैतान दाखवला जातो. तो खेळ चालू राहू द्या. पण तिथल्याच भिंतीवर त्या मजुरांविषयी चार ओळी लावायला हव्यात. त्यांच्या भीतीतून उभे राहिलेले नाव आज शंभराहून अधिक देशांत विकले जाते.