लडाखच्या आकाशात दिसलेले ३२९ ‘ड्रोन’: सैन्याने शोध घेतला तेव्हा काय निघालं?

रात्री आकाशात काहीतरी चमकताना दिसलं की दहा वर्षांपूर्वी लोक ‘तारा असेल’ किंवा ‘विमान असेल’ म्हणून खाली बघायचे. आता तोंडातून पहिला शब्द निघतो तो ‘ड्रोन’. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या रात्री जम्मू, पंजाब, राजस्थानमध्ये ब्लॅकआऊट होता आणि आकाशात खरोखरचे ड्रोन होते. पण त्याच रात्री आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी काही चक्क ‘आर्मा ३’ या गेममधले होते. खरं आणि खोटं एकाच स्क्रीनवर, एकाच रात्री. अशा वेळी ‘हे नक्की काय आहे?’ हा प्रश्न टाइमपासचा राहत नाही.

या प्रश्नाचं उत्तर शोधायची पद्धत समजून घ्यायला मला आपल्याच सैन्याचं एक जुनं प्रकरण सगळ्यात उपयोगी वाटतं. त्यावर मीम भरपूर झाले, पण आत नेमकं काय घडलं ते फार कमी जणांनी वाचलंय.

पँगाँगवरचे पिवळे गोळे

जागा आहे पूर्व लडाखमधलं पँगाँग सरोवर. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२५० मीटर उंचीवर, १३४ किलोमीटर लांब. सरोवराच्या मधूनच भारत-चीनची प्रत्यक्ष ताबारेषा जाते. दक्षिण काठावर ठाकुंग नावाचं ठाणं आहे. २०१२ च्या ऑगस्टपासून तिथले जवान आणि भारत-तिबेट सीमा पोलीस वर कळवायला लागले की रात्री चीनच्या बाजूने क्षितिजावरून पिवळसर प्रकाशाचे गोळे वर येतात, तीन ते पाच तास आकाशात हळूहळू सरकतात आणि मग दिसेनासे होतात.

एकदोनदा नाही. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात अशा ३२९ नोंदी झाल्या, आणि त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू ताबारेषा ओलांडून ‘आपल्या हद्दीत’ आली असं लिहिलं गेलं.

आता क्षणभर त्या चौकीवर स्वतःला उभं करा. हाडं गोठवणारी थंडी, समोर चीन, आणि रोज रात्री समोरून काहीतरी येतंय. १९६२ या भागात कोणी विसरलेलं नाही. चीनचा टेहळणी ड्रोन असेल, ही शंका येणं अगदी साहजिक आहे. ‘कसले एलियन शोधत होते’ असं नंतर जे बोललं गेलं ते मला पटत नाही. परग्रहवासी हा शब्द बातम्यांच्या मथळ्यांत होता. चौकीवरची काळजी शेजारच्या देशाची होती.

रडारवर काहीच नाही, म्हणजे काय?

सैन्याने तपास मनावर घेतला. सरोवराजवळच्या उंच डोंगरावर फिरतं रडार नेलं, सोबत स्पेक्ट्रम ॲनालायझर नेला. हे यंत्र आसपासच्या रेडिओ लहरी पकडतं. ड्रोन असेल तर तो कंट्रोल रूमशी बोलत असणार, म्हणजे काहीतरी सिग्नल सापडायला हवा. रडारवर काही उमटलं नाही. ॲनालायझरलाही काही मिळालं नाही. डोळ्यांना मात्र गोळा समोर दिसतोय!

मग त्या वस्तूच्या दिशेने टेहळणीचं मानवरहित विमान पाठवलं. ते त्याच्या कमाल उंचीपर्यंत गेलं, पण वस्तू काही हाती लागेना आणि शेवटी दिसेनाशी झाली.

या टप्प्यावर निष्कर्ष असा काढला गेला की वस्तू बहुधा धातूची नसावी, म्हणून रडारला दिसत नाही. इथे थांबून विचार करा, कारण गाडी इथेच घसरते. रडार लहरी सोडतं आणि त्या आपटून परत आल्या की सांगतं, ‘अमुक अंतरावर काहीतरी आहे’. परत काही आलं नाही, तर दोन शक्यता उरतात: वस्तू लहरी परत फेकत नाही, किंवा ती रडारच्या टप्प्याच्या फार फार बाहेर आहे. पहिली शक्यता धरली की ‘धातू नसलेला गुप्त ड्रोन’ तयार होतो. दुसरी धरली की भलताच रस्ता उघडतो.

तो दुसरा रस्ता किती लांबचा होता? तेव्हा गुरू ग्रह आपल्यापासून साठ कोटी किलोमीटरहून जास्त दूर होता. त्याचा प्रकाशच इथे पोचायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ घेतो. डोंगरावरच्या रडारचं त्याच्यापुढे काय चालणार!

खगोलशास्त्रज्ञ आले

पँगाँगच्या दक्षिणेला साधारण दीडशे किलोमीटरवर हानले इथे बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. सैन्याने याच संस्थेची मदत घेतली. गंमत म्हणजे २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या पहिल्या बातम्यांत, नाव न सांगणाऱ्या सूत्रांच्या हवाल्याने, उलटंच छापलं गेलं होतं: शास्त्रज्ञांनी तीन दिवस निरीक्षण केलं आणि ग्रह-उल्का नसल्याचं सांगितलं. ही आवृत्ती इंटरनेटवर आजही फिरते, ‘लडाखचं रहस्य’ म्हणणारे यूट्यूब व्हिडिओ तिच्यावरच उभे आहेत.

जुलै २०१३ मध्ये कोलकात्याच्या ‘द टेलिग्राफ’ने पुढचा भाग दिला. यावेळी बोलणाऱ्याला नाव होतं. संस्थेचे खगोलशास्त्रज्ञ तुषार प्रभू यांनी सांगितलं की त्यांच्यापुढे प्रश्न एवढाच होता: वस्तू आकाशस्थ आहे की पृथ्वीवरची? आणि उत्तर निघालं, एक गुरू आणि दुसरा शुक्र.

दोन बातम्या एकमेकींच्या विरुद्ध असतील तर मी काय बघतो? कोण बोलतंय ते, आणि त्याचं म्हणणं मला स्वतःला पडताळता येतं का ते. पहिल्या बातमीत काहीच पडताळता येत नाही. दुसरीत मात्र येतं, कारण ग्रह काही पुरावा पुसून पळून जात नाहीत. २०१२ मध्ये कुठला ग्रह कधी कुठे होता याचा हिशोब आजही फोनवर होतो. मी तो करून बघितला.

ऑगस्ट २०१२ च्या सुरुवातीला पँगाँगवर गुरू रात्री एकच्या सुमारास उगवत होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला साडेनऊच्या आसपास, आणि डिसेंबर लागताच सूर्यास्ताबरोबरच. म्हणजे रोज साधारण चार मिनिटं लवकर, महिन्याला दोन तास. शुक्र तेव्हा पहाटेचा तारा होता. ऑगस्टच्या मध्यात तो सूर्याच्या तीनेक तास आधी उगवत होता आणि पुढे पुढे सूर्याच्या जवळ सरकत फेब्रुवारीत जवळजवळ दिसेनासा झाला. उगवल्यावर ‘तीन ते पाच तास दिसणं’ पहाटेच्या शुक्रालाही जुळतं आणि ऑगस्टमधल्या गुरूलाही.

आता दिशा बघा. आकाशातली प्रत्येक गोष्ट पूर्वेकडून उगवते. ठाकुंगहून पूर्वेला काय आहे? चीनचा ताबा असलेला भाग! म्हणजे गुरू असो, शुक्र असो, नाहीतर आपला चंद्र असो, तो ‘चीनच्या बाजूने’च येणार. आणि वर चढत पश्चिमेकडे सरकला की तो ‘ताबारेषा ओलांडून’ आला असंच डोळ्यांना दिसणार. १५५ वेळा झालेल्या त्या घुसखोरीचा मला तरी हाच अर्थ लागतो.

पण इतक्या माणसांना ग्रह ओळखता आला नाही?

हा प्रश्न मला ज्यांनी ज्यांनी विचारला, त्यांना मी उलट विचारतो: तुम्ही शेवटचा गुरू कधी ओळखला होता? पुण्या-मुंबईच्या उजेडात ग्रह हा एक फिकट ठिपका असतो. पँगाँगवर हवा विरळ, कोरडी, आणि आसपास एकही दिवा नाही. तिथे शुक्र डोळ्यांत भरतो. क्षितिजाजवळ असताना ग्रहाचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, म्हणून तो पिवळसर-तांबूस दिसतो. वातावरणातल्या या फरकामुळे ग्रह जास्त तेजस्वी दिसले असावेत, असं प्रभू यांनीही म्हटलं होतं. शिवाय टेहळणी ड्रोनचा वापर वाढल्याने संशय आधीच मनात होता.

त्यात मेंदूची एक खोड. काळ्याकुट्ट अंधारात एकच प्रकाशबिंदू टक लावून बघितला की तो हलतोय असं वाटू लागतं, कारण तुलना करायला आजूबाजूला काही नसतं. डोळ्यांत तेल घालून पहारा देणाऱ्यालाच हे जास्त जाणवणार.

आणि हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सीत रात्रीच्या ‘गूढ ड्रोन’ची लाट आली. पिकॅटिनी आर्सेनल या लष्करी तळाजवळही ते दिसल्याचं कळवलं गेलं. एफबीआयकडे ५,००० हून जास्त माहित्या आल्या, त्यातल्या शंभरहून कमी पुढे तपासण्यासारख्या निघाल्या. संरक्षण खात्यासह चार सरकारी यंत्रणांनी मिळून सांगितलं की यात कायदेशीर ड्रोन आहेत, विमानं आहेत, हेलिकॉप्टर आहेत आणि चुकून ड्रोन समजलेले तारेही आहेत. मेरीलँडचे माजी गव्हर्नर लॅरी होगन यांनी घरावरच्या ‘ड्रोन’चा व्हिडिओ टाकला होता, लोकांनी लगेच दाखवून दिलं की ते मृग नक्षत्र आहे.

अमेरिकी नौदलाचा हिरव्या त्रिकोणांचा रात्रीचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. तो वर्षभर ‘उडते पिरॅमिड’ म्हणून गाजला. मे २०२२ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे नौदल गुप्तवार्ता विभागाच्या स्कॉट ब्रे यांनी सांगितलं की त्या वस्तू ड्रोनच असाव्यात, पण त्रिकोणी आकार त्यांचा नव्हताच. नाइट व्हिजन उपकरणातून येणारा प्रकाश कॅमेऱ्याने टिपला, त्यात तो आकार तयार झाला. तुमच्या फोनमध्येही हेच होतं. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो, बिंदू पसरून तबकडी बनते, वर डिजिटल झूम तिला कडा देतो. मला दर महिन्याला एखादा असा ‘तबकडी’चा व्हिडिओ कोणीतरी पाठवतंच, आणि त्यातली बरीचशी तबकडी लेन्सच्या आत जन्मलेली असते.

मग सैन्याने वेळ वाया घालवला का?

माझ्या मते अजिबात नाही. ३२९ पैकी एक जरी खरा ड्रोन असता आणि जवानाने ‘तारा असेल’ म्हणून सोडून दिला असता, तर? आणि उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. एप्रिल २०१३ मध्ये याच लडाखमध्ये देपसांगला चिनी तुकडीने तंबू ठोकले आणि तीन आठवडे दोन्ही सैन्यं आमनेसामने होती. अशा वातावरणात ‘१५५ वेळा हवाई घुसखोरी’ हा आकडा तपास न करता कोणी टेबलावर आपटला असता तर काय झालं असतं? शास्त्रज्ञांना बोलावणं हा या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता. जवानाची थट्टा केली तर तो पुढच्या वेळी कळवणार नाही, एवढाच त्या मीमचा उपयोग.

माझी तक्रार एवढीच की आधी आकाशाचा नकाशा उघडायला हवा होता आणि मग रडार डोंगरावर चढवायला हवं होतं. हे आपल्यालाही लागू आहे, कारण आपल्याकडे नकाशा खिशातच असतो.

पुढच्या वेळी काही दिसलं तर झूम करू नका. फोन भिंतीला टेकवा, फ्रेममध्ये गच्चीचा कठडा किंवा झाड येऊ द्या आणि दहा मिनिटं रेकॉर्ड करा. ग्रह-तारे तासाला १५ अंश सरकतात. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते, म्हणजे तासाला दीड मूठ. त्याच वेगाने पश्चिमेकडे जात असेल आणि उद्या चार मिनिटं आधी त्याच जागी आलं, तर पोलिसांना फोन करायची गरज नाही. याउलट २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भातल्या लोकांनी पाहिलेल्या जळत्या रेषा मिनिटा-दोन मिनिटांत गेल्या आणि चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला साधारण दहा फुटांचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. तो बहुधा चिनी रॉकेटचा तुकडा होता. तिथे कळवणं बरोबरच होतं.

आणि लडाखचं स्वतः तपासायचं असेल तर फोनवर ‘स्टेलॅरियम’ उघडा. ठिकाण लेह टाका, तारीख १ डिसेंबर २०१२, वेळ संध्याकाळचे सहा, तोंड पूर्वेला, किंचित उत्तरेकडे. क्षितिजाच्या थोडं वर एक ठळक ठिपका दिसेल, जवळच लालसर रोहिणी. ठिपक्यावर बोट ठेवलं की नाव येतं.