पाळण्यातले घरमालक

सुरत-नागपूर महामार्गावरील एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावी गाळ्याचे भाडे भरणारा शिंपी आपला मालक कोण हे नावानिशी सांगू शकतो. परंतु त्या भाड्याचा कायदेशीर लाभार्थी एखादे सहा वर्षांचे मूलही असू शकते. बाप किंवा आजोबा मिळकत १८८२ च्या न्यास कायद्याखाली विश्वस्तांच्या हवाली करतात, आणि भाडे मुलाच्या नावे साठत राहते. यास वात्सल्य म्हणण्याचा प्रघात आहे.

खानदेशातील शेतकऱ्यास हा खेळ नवा नाही. १९६१ चा जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा येताच बड्या जमीनदारांनी जमिनी नात्यागोत्यात वाटून दाखविल्या. १९७५ साली ही मर्यादा कोरडवाहूस ५४ एकरांवर आणली गेली, तेव्हा पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एकच कुटुंबघटक धरण्यात आला. जमिनीच्या बाबतीत राज्याने मान्य केलेले हे तत्त्व इमारतींच्या बाबतीत केंद्रास पुरतेपणी का मानवत नाही?

अर्धवट मानवले आहे, हे खरे. अज्ञान मुलाचे उत्पन्न बापाच्या उत्पन्नात मिळविण्याची तरतूद १९३७ पासून होती, पण ती बापानेच दिलेल्या मालमत्तेपुरती. आजोबांची देणगी तीतून सुटत असे. १९९२ च्या अर्थसंकल्पात डॉ. मनमोहन सिंग यांनी ही वाट बुजविली. मुलाने स्वतःच्या श्रमाने वा कौशल्याने मिळविलेले सोडून त्याचे सर्व उत्पन्न आईबापांपैकी अधिक मिळकत असणाऱ्याच्या माथी लागू झाले. अपंग मुलास त्यातून योग्यच सूट दिली गेली. लाभार्थ्यांचे हिस्से अनिश्चित ठेवणाऱ्या न्यासांवर तर १९७० पासूनच चढा दर आहे.

मग फट उरली कोठे? हिस्सा निश्चित ठेवावा, मात्र सज्ञान होईपर्यंत मुलास एक पैसाही मिळणार नाही असे न्यासपत्रात लिहावे, एवढेच पुरते. डोशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे साठविलेले उत्पन्न बापाच्या उत्पन्नात धरता येत नाही असा निर्णय दिला. कायद्याचे शब्द पाहता न्यायालयास दोष देण्याचे कारण नाही. दोष ते शब्द तसेच राहू देणाऱ्या संसदेचा आहे.

हिशेब साधा आहे. महिना साठ हजार भाडे म्हणजे वर्षाचे ७ लाख २० हजार. दुरुस्तीच्या नावाने, दुरुस्ती होवो वा न होवो, ३० टक्के वजा जाऊन उरले ५ लाख ४ हजार. सर्वोच्च दर भरणाऱ्या बापाने यावर, उपकर सोडून, १ लाख ५१ हजार २०० रुपये दिले असते. हेच उत्पन्न स्वतंत्र धरून २०२५-२६ चे दर लावले, तर कर होतो ५,२०० रुपये. दोन मुले असतील तर भाडे दोन ठिकाणी विभागावे. तेवढेही द्यावे लागत नाही.

आता दुसरे घर पाहावे. नवरा वारला, राहत्या घराची एक खोली भाड्याने दिलेली, घर मुलाच्या नावे. तिच्याजवळ ना सनदी लेखापाल, ना न्यासपत्र. ते भाडे सरळ तिच्या पगारात मिळविले जाते, आणि सूट मिळालीच तर वर्षाला १,५०० रुपयांची! नव्या करपद्धतीत तीही नाही. हा आकडा १९९० च्या दशकापासून हललेला नाही. संपत्ती वारसाहक्काने उतरताना अडविणारा मृत्युकर १९८५ साली गेला, देणगीकर १९९८ साली आणि संपत्तीकर २०१५ साली गेला. हे तीन दरवाजे उघडताना सरकारचा हात थरथरला नाही.

अनाथ व अपंग मुलांसाठी केलेल्या न्यासांना कोणीही हात लावू नये. परंतु ज्याचे आईबाप हयात व सधन आहेत, अशा मुलाच्या न्यासात साठणारे भाडे ते मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत आईबापांच्याच उत्पन्नात धरले पाहिजे, मग न्यासपत्रात काहीही लिहिलेले असो. आणि त्याच दुरुस्तीत १,५०० च्या जागी त्या विधवेस उपयोगी पडेल असा आकडा, दोन्ही करपद्धतींत, घातला पाहिजे. २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा संमत करताना संसदेला ही संधी होती. तिने कलमांचे क्रमांक तेवढे बदलले.