दुसऱ्याच्या टांकींतलें पेट्रोल

शाळा सोडून महाविद्यालयांत गेलेले आमचे विद्यार्थी सुटींत भेटावयास येतात, तेव्हां त्यांच्या बोलण्यांत एक विषय हटकून निघतो. तो म्हणजे मोटारसायकलवरून कोंकणच्या किनाऱ्यानें करावयाचा प्रवास. रेवसपासून रेड्डीपर्यंतचा सागरी मार्ग सुमारें ५०० किलोमीटरांचा. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस जांभ्याचे सडे, मधून मधून खाड्या आणि दुर्ग. तरुण मनास ह्याची ओढ वाटावी, यांत नवल तें काय? परंतु "पेट्रोल कोठें कोठें भरणार?" असा प्रश्न केला, कीं बहुतेकांचें उत्तर ठरलेलें असतें: "मिळेल कोठें तरी, सर. सगळेंच ठरवून गेलें तर मजा ती काय राहिली?"

ह्या उत्तराशीं माझा विरोध आहे. तो कां, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम माझाच एक अपराध सांगतों. वीसएक वर्षांपूर्वीं मी व माझा एक स्नेही जैतापूरहून विजयदुर्गाकडे निघालों होतों. त्या काळच्या मोटारसायकलींस टांकीखालीं एक कॉक असे. पेट्रोल संपत आलें, कीं तो 'राखीव' बाजूस फिरवावयाचा, आणि पेट्रोल भरल्यावर आठवणीनें पूर्ववत् करावयाचा. सकाळीं रत्नागिरीस खिशाच्या मानानें दोनच लिटर पेट्रोल भरलें. कॉक मात्र फिरवावयाचा राहून गेला. दिवसभर हिंडलों. सायंकाळीं एका उतारावर गाडी बंद पडली. हात कॉककडे गेला, तों तो आधींच राखीव बाजूस! सूचना देणारें साधन आम्हीं आमच्याच विसराळूपणानें निकामी करून ठेवलें होतें.

गाडी ढकलीत आम्ही एका घराच्या अंगणाशीं आलों. घरधन्यानें कांहीं न विचारतां पाणी दिलें, आपल्या दुचाकीच्या टांकींतून नळीनें लिटरभर पेट्रोल काढलें आणि आमच्या गाडींत ओतलें. पैसे पुढें केले, तर म्हणाला, "अहो, पैसे कसले?" आम्ही निघणार, इतक्यांत ओटीवरून त्याच्या वृद्ध आईचा आवाज आला, "अरे, उद्यां मला डॉक्टरकडे न्यायचं होतं ना?" "होईल कांहीं तरी, आई," एवढेंच तो बोलला. जवळचा पंप पंचवीस किलोमीटरांवर होता. पेट्रोल परत घ्या, असें आम्हीं म्हटलें. त्यानें हातानेंच "निघा" म्हणून खुणावलें, आणि आम्ही खरोखरच निघालों. त्या माउलीस दुसऱ्या दिवशीं दवाखान्यांत जातां आलें कीं नाहीं, हें मला आजतागायत ठाऊक नाहीं.

तेव्हांपासून माझें मत ठाम झालें आहे. "मिळेल कोठें तरी" असें म्हणणारा प्रवासी स्वतःस धाडसी समजतो. वास्तविक तो दुसऱ्याच्या काटकसरीवर प्रवास करीत असतो. दूरच्या गांवीं लिटरभर पेट्रोल म्हणजे कोणाचा बाजार, कोणाचा दवाखाना, कोणाच्या मुलीची परीक्षा. तें मागण्याची पाळी अपघातानें आली तर गोष्ट निराळी. आळसानें आणली तर तो दोषच होय.

मग योजना करावी ती कशी? समजा, टांकी १२ लिटरांची आहे आणि गाडी लिटरमागें ३५ किलोमीटर धांवते. कागदावर हिशेब ४२० किलोमीटरांचा होतो. पण हा आंकडा फसवा आहे. चढउतार, मागें बसलेला मित्र आणि सामान यांमुळें ३५ चे ३० होतात. शिवाय हल्लीं पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉलमध्यें लिटरमागें ऊर्जा सुमारें एकतृतीयांशानें कमी. म्हणून अशा मिश्रणांत शुद्ध पेट्रोलहून सहा-सात टक्के ऊर्जा कमीच भरते. तळाचें दीड लिटर तर हिशेबांत धरूंच नये. उरले ३०० किलोमीटर.

परंतु कोंकणांत एवढ्यानेंही भागत नाहीं, कारण तेथें अंतर मोजावयाचें तें खाडीच्या हिशेबानें. आगरदांड्याहून दिघीस, बागमांडल्याहून वेसवीस, दाभोळहून धोपाव्यास आणि तवसाळहून जयगडास फेरीबोटीनें जातां येतें. पलीकडचें गांव डोळ्यांना दिसत असतें. गाडी बोटींत घातली, कीं थोड्या मिनिटांत पैलतीर. पण वारा सुटला, समुद्र खवळला किंवा शेवटची बोट निघून गेली, तर दाभोळहून धोपाव्यास जाण्यास खेड-चिपळूणचा वळसा घालावा लागतो, आणि तो शंभराहून अधिक किलोमीटरांचा होतो. तेव्हां बोट मिळणार नाहीं असें धरूनच टांकींत पेट्रोल असलें पाहिजे. म्हणून माझा साधा नियम असा: टांकी अर्धी झाली, कीं ती रिकामी समजावी. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्लें हीं मोठीं गांवें हिशेबाचे टप्पे धरावींत; मधल्या लहान पंपांस लाभ समजावें, आधार समजूं नये.

कोणी म्हणेल, "आतां फोनवर सर्व पंप दिसतात." दिसतात खरे, परंतु पंप आहे एवढेंच नकाशा सांगतो, तो चालू आहे कीं नाहीं, हें सांगेलच असें नाहीं. बंदरावर दिसलेला पंप कित्येकदां मच्छिमारांच्या नौकांसाठीं असतो व तेथें केवळ डिझेल मिळतें. पंप चालतो विजेवर. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यास आदळलें, तेव्हां कित्येक गांवांत दिवसच्या दिवस वीज नव्हती व फोनही मुके झाले होते. ज्याच्या खिशांत रोकड नाहीं, त्याला अशा वेळीं उघड्या पंपाचाही उपयोग नाहीं.

प्लास्टिकच्या बाटलींत पेट्रोल घालून तें पिशवींत टाकण्याची युक्ति तर सर्वस्वी त्याज्य मानावी. पेट्रोलची वाफ शून्याखालीं चाळीस अंशांच्या सुमारासही पेट घेऊं शकते, आणि ती हवेहून जड असल्यामुळें खालीं सांचून राहते. बाटली उन्हांत तापली म्हणजे काय होईल, हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच.

१ एप्रिल २०२० पासून नवे नियम आल्यावर बहुतेक नव्या गाड्यांतून राखीव कॉक नाहींसा झाला. त्या जागीं एक दिवा लुकलुकतो. शिवाय टांकीच्या आंत बसविलेल्या इंधनपंपास भोंवतालचें पेट्रोलच थंड ठेवतें. टांकी वारंवार कोरडी पडूं दिली, तर तो पंपच बिघडतो. म्हणजे निष्काळजीपणाचा दंड पूर्वींपेक्षां वाढला आहे.

राहतां राहिला मजेचा प्रश्न. ज्याची टांकी भरलेली आहे, तोच मुख्य रस्ता सोडून एखाद्या अनोळखी पुळणीकडे खुशाल वळूं शकतो. ज्याची टांकी रिकामी, त्याचे डोळे कांट्यावर. त्यास समुद्र दिसतच नाहीं. योजना ही स्वातंत्र्याची वैरीण नव्हे; तिच्यावांचून स्वातंत्र्य टिकत नाहीं.

पालकांस विनंति एवढीच, कीं अठरा वर्षें पूर्ण झालेला व परवाना मिळालेला मुलगा किंवा मुलगी अशा प्रवासाची गोष्ट काढील, तेव्हां एकदम "नको" म्हणूं नये. "कोठें भरणार, किती भरणार, बोट चुकली तर काय करणार, हें कागदावर लिहून दाखव" असें म्हणावें. ज्याला हें लिहितां येतें, त्याच्या हातीं गाडी देण्यास हरकत नाहीं. आणि विद्यार्थिमित्रहो, कोंकणांत जा, अवश्य जा. मात्र तेथील माणसाच्या टांकींतला उद्यांचा दिवस आपल्या टांकींत ओतून घेऊन परत येऊं नका.