रॉकेट पडतं कुणाच्या छपरावर?

रात्रीच्या आभाळात केशरी रेघा ओढत जाणारी रॉकेटं, मागे नशीद, खाली 'माशाअल्लाह'. असा व्हिडिओ मला चार-चार ग्रुपांतून येतो. पाठवणारी मुलं शिकलेली, सरळ, शेजाऱ्याच्या मयतीला आधी धावणारी. पण व्हिडिओ रॉकेट उडण्यापाशी संपतो. पडतं कुठं, हे कुणी विचारत नाही. मला विचारायचं आहे, आणि आपल्याच माणसांना विचारायचं आहे.

दक्षिण इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सुमारे ३ लाख बेदुईन राहतात. अरबी बोलणारे, मुसलमान, इस्रायलचे नागरिक. त्यांच्यातले हजारो लोक ज्या वस्त्यांत राहतात, त्यांना सरकार गाव मानायलाच तयार नाही. गाव नाही म्हणून परवानगी नाही, परवानगी नाही म्हणून पक्कं घर नाही. राहायचं पत्र्याखाली. इस्रायलमध्ये १९९० च्या दशकापासून नव्या घरात काँक्रीटची सुरक्षित खोली बांधणं बंधनकारक आहे. गाझाला लागून असलेल्या स्देरोत गावात तर बसथांबेसुद्धा जाड काँक्रीटचे, कारण भोंगा वाजल्यावर हाताशी जेमतेम १५ सेकंद असतात. पत्र्याच्या घरातल्या बाईनं पोरांना घेऊन जायचं कुठं? काही जण रस्त्याखालच्या मोरीत शिरतात. 'आयर्न डोम' यंत्रणा रॉकेट कुठं पडणार याचा हिशोब करते आणि मोकळ्या जागेवर पडणारं सोडून देते. नकाशात नसलेली वस्ती म्हणजे मोकळीच जागा! २०१४ मध्ये हा प्रश्न न्यायालयात गेला, तातडीचा आदेश काही मिळाला नाही.

त्याच वर्षी जुलैत दिमोनाजवळच्या अशा एका वस्तीत गाझातून आलेल्या रॉकेटनं एक बेदुईन माणूस मेला, घरातली लहान मुलं जखमी झाली. एप्रिल २०२४ मध्ये इराणनं शेकडो ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा आपल्याकडे काहींनी मिठाईचे फोटो टाकले. त्या रात्री गंभीर जखमी झाली ती अरादजवळच्या बेदुईन वस्तीतली ७ वर्षांची मुलगी.

आणि नाझरेथ. जुलै २००६ मध्ये हिजबुल्लाच्या रॉकेटनं तिथं रस्त्यात खेळणारे दोन सख्खे भाऊ मेले. दोघेही अरब, दोघेही दहाच्या आतले. हसन नसरल्लानं जाहीर माफी मागितली आणि मुलांना 'शहीद' ठरवलं. त्या पोरांना कुणी विचारलं होतं का? शहादत कुणाच्या दारात फेकायची वस्तू आहे?

कुणी म्हणेल, निशाणा ज्यूंवर होता, चूक झाली. म्हणजे ज्यू पोरं मेली असती तर चाललं असतं? अश्दोद, दिमोना, बीरशेबा इथं अलिबाग-पेणकडून गेलेली बेने इस्रायल कुटुंबं आहेत. आपल्या कोकणातले शनिवार तेली. कोकणी मुसलमानांच्या आज्या त्यांच्याच आळीत वाढल्या. तिथं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. भोंगा वाजल्यावर जिन्याकडे धावणारी एखादी म्हातारी नातवाला 'लवकर ये रे' अशीच हाक मारत असेल. पॅलेस्टिनींच्या जमिनीचा प्रश्न खरा आहे, तिच्या सरकारशी भांडा. पण दिशा धरून सोडलेल्या लोखंडी नळीला सैनिक आणि म्हातारी यांतला फरक कळत नाही. म्हणूनच नेम धरता न येणारं हत्यार वस्तीवर सोडणं आंतरराष्ट्रीय कायद्यात गुन्हा आहे. आणि लढाईत बायका, मुलं, म्हातारे यांना हात लावायचा नाही, ही शिकवण आपल्याला जिनिव्हानं दिलेली नाही.

"मग गाझा?" हा प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. २०१४ च्या युद्धात, संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानुसार, १,४६२ पॅलेस्टिनी नागरिक मारले गेले. इस्रायलच्या बाजूला ६. ऑक्टोबर २०२३ नंतर तर गाझाच्या आरोग्य मंत्रालयाची नोंद ६० हजारांच्या वर गेली. गाझात भोंगा नाही, काँक्रीटची खोली नाही, मोरीसुद्धा नाही. दोन्ही पारडी सारखी आहेत असं मी म्हणत नाही, म्हणणाऱ्याशी भांडेन. आपल्याच देशात त्या बॉम्बफेकीवर टाळ्या पिटणारे आहेत, 'हिशोब चुकता' म्हणणारे आहेत. त्यांच्याकडे बघून आपल्याला किळस येते ना? मग केशरी रेघांखाली 'माशाअल्लाह' लिहिताना आपण त्यांच्याच शाळेत नाव घालतो. मोठा गुन्हा समोर आहे म्हणून लहान गुन्हा इबादत होत नाही.

आणि ही रॉकेटं सगळी सीमेपलीकडे जातात असंही नाही. २८ जुलै २०१४, गाझात ईदचा दिवस. अल-शाती निर्वासित छावणीत स्फोट झाला, १३ माणसं गेली, त्यांत ११ मुलं. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं तपास करून निष्कर्ष काढला की ते रॉकेट पॅलेस्टिनी गटाचंच होतं, आपल्याच वस्तीत कोसळलेलं. हीच अ‍ॅम्नेस्टी इस्रायलवर युद्धगुन्ह्यांचे आरोप करते, तेव्हा तिचे अहवाल आपण पानापानानं शेअर करतो. हा अहवाल एकाही ग्रुपवर मला आला नाही. पुढचा व्हिडिओ आला की मी तोच उत्तरादाखल टाकणार आहे, शेजारी गाझावरच्या बॉम्बफेकीचाही. ग्रुपमधून काढलं तर काढू देत.