बारा व्होल्टांनी वाजवले बारा

हायब्रिड गाडी घेतलेल्या माणसाला पहिल्या वर्षी एकच आजार होतो: मायलेज सांगण्याचा. लग्नात सांगतो, बारशात सांगतो, संधी मिळाली तर तेराव्यालाही सांगेल. 'सिग्नलला इंजिन बंदच होतं हो आमचं!' आपण डोळे विस्फारायचे, एवढीच अपेक्षा. त्या बिचाऱ्याशी माझं वैर नाही. माझं भांडण आहे त्याच्या गाडीच्या पोटात दडवलेल्या एका किरकोळ पेटीशी, आणि ती तिथे दडवणाऱ्या महापंडितांशी.

नमुना थोर घराण्यातलाच घेऊ. टोयोटा प्रियस. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीला आली आणि हायब्रिड कुळाची मूळपुरुष ठरली. तिची दुसरी पिढी २००३ मध्ये अवतरली. मागच्या सीटच्या पाठीशी निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी: प्रत्येकी ७.२ व्होल्टची २८ मॉड्यूल, एकूण २०१.६ व्होल्ट. तो दाब पुढे ५०० व्होल्टपर्यंत चढवणारं यंत्र, दोन मोटर-जनरेटर, जागोजागी संगणक. ऐकूनच माणसाने चप्पल बाहेर काढून आत यावं असा थाट.

आणि या सगळ्या दरबाराला सकाळी उठवतं कोण? बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी. म्हणजे तात्या टोप्यांना फाशी झाली त्याच साली, १८५९ मध्ये, गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने जी जमात जन्माला घातली, त्यातलीच एक.

यामागे कारण आहे, आणि ते चोख आहे. गाडी बंद केली की मोठ्या बॅटरीचे रिले उघडतात आणि तिचा बाकीच्या गाडीशी संबंध तुटतो. अपघात झाला, कुणी पत्रा कापायला आलं, तर त्याला दोनशे व्होल्टचा प्रसाद मिळू नये म्हणून. उत्तम. पण ते रिले पुन्हा जोडायला वीज लागते. जोडायचे की नाही हे ठरवणाऱ्या संगणकालाही लागते. ती वीज देते ही चिमुरडी. ती उतरली, तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी गाडी ढिम्म. घरात सावकार श्रीमंत, पण तिजोरीची किल्ली कारकुनाच्या कनवटीला, आणि कारकून अंथरुणाला खिळलेला.

इथवर माझी तक्रार नाही. सुरक्षा म्हटलं की मी निमूटपणे मान डोलावतो. तक्रार पुढे सुरू होते.

हा कारकून त्यांनी ठेवला कुठे? डिकीत. उजव्या कोपऱ्यात, फरशीखाली, प्लास्टिकचे डबे आणि झाकणं उचकटल्यावर दिसेल असा. आणि डिकीचं कुलूप कसलं? विजेचं. बटण दाबलं की मोटर खटका सोडते. ती मोटर कोणत्या बॅटरीवर चालते, हे तुमच्यासारख्या चतुर वाचकाला मी सांगायला हवं का?

म्हणजे बघा. बॅटरी बदलायची तर डिकी उघडायला हवी. डिकी उघडायची तर बॅटरी जिवंत हवी. आपल्या नैयायिकांनी या दोषाला 'अन्योन्याश्रय' असं भारदस्त नाव देऊन ठेवलं आणि पुढच्या पिढ्यांना बजावलं की बाबांनो, असा युक्तिवाद करू नका. युक्तिवाद करू नका म्हणाले. गाडी बनवू नका म्हणायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. जपानी अभियंत्यांनी नेमकी ती फट पकडली.

यावर कंपनीचा उपाय आहेच. रिमोटच्या पोटात लपवलेली लोखंडी किल्ली काढा, चालकाचा दरवाजा उघडा, आत शिरा, मागची सीट पाडा, रांगत डिकीत जा, मागच्या दाराच्या आतलं छोटं झाकण काढा आणि आतला खटका सरकवा. उघडलं! आपल्याच गाडीत भरदिवसा चोरासारखं घुसण्याचा हा राजमार्ग अधिकृत माहितीपुस्तिकेत सापडतो. गुडघे ज्यांचे त्यांनी सांभाळायचे. आणि नवी बॅटरी बसवायची असेल तर जुनी सोडवल्यावर चुकूनही डिकी लावून घेऊ नका. लावलीत, तर पुन्हा रांगा.

आता खरा गमतीचा भाग. याच गाडीच्या बॉनेटखाली, फ्यूजच्या डब्यात, एका लाल झाकणाखाली धातूचं एक टर्मिनल दिलेलं आहे. कशासाठी? बॅटरी उतरली तर जंपर केबल लावायला. बॉनेट साध्या तारेने उघडतं, त्याला वीज लागत नाही. वाचलंत ना? बॅटरी मागे, तिला जिवंत करायची जागा पुढे! हा कबुलीजबाब आहे, साहेब. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. बॅटरी उतरणार हे ठाऊक होतं, डिकी उघडणार नाही हेही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी रोग तसाच ठेवला आणि सलाइनची सुई टोचायला जागा करून दिली.

बरं, ही बॅटरीबाई आजारी पडताना सांगते तरी का? छे! साध्या गाडीत बॅटरी मरायच्या आधी चार दिवस सेल्फ कण्हतो. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा सेल्फ आणला तेव्हापासून जगाला ही सूचना फुकट मिळत आलेली आहे. प्रियससारख्या हायब्रिडमध्ये वेगळा सेल्फच नाही. इंजिन फिरवतो दोनपैकी एक मोटर-जनरेटर, मोठ्या बॅटरीवर. छोटीला जड काम नाही, म्हणून तिचं कण्हणंही नाही. एके दिवशी डॅशबोर्डवर सगळे इशारे एकदम पेटतात, किंवा काहीच पेटत नाही. मालकाच्या पोटात गोळा: गेली, हायब्रिड बॅटरी गेली! मग तो मोठ्या बॅटरीची किंमत शोधतो आणि त्याचा स्वतःचाच फ्यूज उडतो. वास्तविक एक साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवला तर ठीक. १२ च्या खाली असेल तर बाई निघाल्या. गाडी 'रेडी' झाल्यावर १४ च्या आसपास दिसला, तर चार्जिंग व्यवस्थित आहे.

मग धक्का मारू म्हणता? चार पोरं जमवून, 'दे धक्का' करून? विसरा. या गाडीचा पार्किंग लॉकही विजेवर सुटतो. बारा व्होल्ट नाहीत, तर गाडी 'पी'मध्ये रुतून बसते. उचलायची तर पुढची चाकं अधांतरी करून. महाराष्ट्राची सर्वांत जुनी वाहनविद्या एका फटक्यात निकालात!

समर्थक म्हणतील: इंजिनाजवळ उष्णता असते, उष्णतेने बॅटरी लवकर मरते, म्हणून मागे ठेवली. वा! शास्त्रोक्त आहे. फक्त एकच अडचण: प्रियसच्या चौथ्या पिढीत हीच बॅटरी बॉनेटखाली गेली. मग उष्णता कुठे गेली? दुसऱ्या कंपनीनेही एक तोडगा काढला. २०१६ च्या ह्युंदाई आयोनिक हायब्रिडमध्ये वेगळी लेड-ॲसिड बॅटरी नाहीच. बारा व्होल्टची लिथियम बॅटरी मोठीच्याच पेटाऱ्यात. उतरायला लागली की स्वतःला तोडून घेते, आणि तुम्ही एक रीसेट बटण दाबलं की पुन्हा जागी होते. बिघडली तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाही, हा भाग वेगळा. पण बटण देता येतं, एवढं तर सिद्ध झालं!

आता सेवा केंद्रातले पुरोहित. एका ठिकाणी मला सल्लागार म्हणाला, 'सर, तुम्ही हात नका लावू. हायव्होल्टेज आहे.'
'बाराच व्होल्ट आहेत ना?'
'हो सर, पण हायब्रिडचे बारा.'
या वाक्यापुढे ओम, व्होल्टा आणि फॅरडे तिघांनीही हात टेकले असते. उच्चदाबाच्या केबल नारिंगी असतात. त्यांना हात लावायचा नाही, हे खरंच. पण ही पेटी त्यांच्यात नाही. दहा नंबरचा पाना घ्या, आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट क्रम. पथ्यं दोनच. जंपर उलटी लावलीत तर मोठा फ्यूज जातो. आणि पेटी प्रवाशांच्या हवेतच असल्यामुळे साधी पाण्याची बॅटरी चालत नाही. सीलबंद, एजीएम प्रकारची हवी आणि तिच्यातला वायू बाहेर नेणारी नळी जोडायलाच हवी. टर्मिनलही बारीक जपानी मापाची, म्हणून दिसेल ती उचलून आणू नका. एवढं एका पानावर मावतं. पण ते पान ग्राहकाला दिलं, तर मंत्र पुटपुटण्याची दक्षिणा कोण देणार?

२०२२ पासून आपल्याकडेही होंडा सिटी, ग्रँड व्हिटारा, हायरायडर अशा स्ट्राँग हायब्रिड शोरूममध्ये उभ्या आहेत. विक्रेता मायलेज सांगेल, झाडं वाचवल्याचं पुण्यही सांगेल. तुम्ही त्याला एवढंच विचारा: बारा व्होल्टची कुठे आहे, आणि ती मेली तर मी तिच्यापर्यंत कसा पोचू? त्याने साहेबांना बोलावलं, तर समजा की साहेबही कुणाला तरी बोलावतील.

जो भाग काही वर्षांनी मरणारच आहे, तो मालकाच्या हाताला लागला पाहिजे. याला तत्त्वज्ञान लागत नाही, लाज लागते. माझी सूचना साधी आहे. पुढच्या मॉडेलच्या अनावरणाला, दिवे, धूर आणि संगीत चालू असताना, मुख्य अभियंत्याला कोट-टायसकट मंचावर बोलवा. गाडीची छोटी बॅटरी आधीच उतरवून ठेवा. आणि म्हणा, 'साहेब, जरा डिकी उघडून दाखवता?' पहिल्या रांगेचं तिकीट मी स्वखर्चाने काढीन.