अनुदान सातबाऱ्याला, घाम कुणाचा?

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना अर्थसहाय्य जाहीर केलं. ०.२ हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राला सरसकट १ हजार, त्यापुढे हेक्टरी ५ हजार, मर्यादा २ हेक्टर. प्रश्न साधा आहे. गेवराई, माजलगाव, वडवणीच्या रानात ज्याने सरकी लावली त्याला हे पैसे मिळाले, की ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याला?

पीएम किसानचे वर्षाला ६ हजार असोत, नमो शेतकरीचे ६ हजार असोत, की सीसीआयची हमीभावाने खरेदी. आधी सातबारा दाखवा. म्हणजे मदत पिकाच्या नावाने निघते आणि मालकीपाशी जाऊन थांबते. मालकी कुणाकडे आणि मजुरी कुणाकडे, हे आपल्या गावांत जातीने आधीच ठरवलेलं आहे.

बटाईदार खताचा आणि फवारणीचा वाटा उचलतो, बोंडअळीचा फटकाही सोसतो. पण बटाई तोंडी असते. कागद केला तर कूळ लागेल, ही भीती मराठवाड्यात १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यापासून आहे. त्यामुळे मदत मालकाच्या खात्यात पडते. काही मालक त्यातला वाटा देतातही. पण ती त्यांची मर्जी झाली, बटाईदाराचा हक्क नव्हे.

गायरानधारकाचं दुखणं आणखी जुनं. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची होती. तरीही दोन पिढ्या गायरान कसणारी कुटुंबं आज दप्तरात 'अतिक्रमणधारक'च आहेत. त्यांच्या कापसावर पाऊस तेवढाच पडतो, पण दुष्काळ पडला की पंचनाम्यात ते नसतात.

आणि कापूस वेचणाऱ्या बाया? किलोवर मजुरी घेऊन कंबर मोडेपर्यंत वाकणाऱ्या या बायांना 'उत्पादक' म्हणायला कोणताही फॉर्म तयार नाही.

कुणी म्हणेल, सातबारावाला तरी कुठे सुखी आहे? खरंय. दोन-तीन एकरवाला मराठा, वंजारी, धनगर शेतकरीही कर्जात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, तो घाव त्यालाही बसला. त्याची मदत कापा, असं आम्ही म्हणत नाही. त्याच्या इतकंच राबणाऱ्याला शेतकरी म्हणा, एवढंच म्हणतो. केंद्राच्याच २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात कूळ, बटाईदार आणि शेतमजूर यांनाही शेतकरी मानलं आहे. मग योजना काढताना ती व्याख्या कुठे जाते?

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिधर्माचा भेद न करता कसायला द्यावी, अशी मांडणी केली. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन हे भेदच उरू नयेत, हा त्यामागचा विचार. पुढे दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांना रस्त्यावर उतरवलं. आपण मात्र अनुदानाची यादी लागली की त्यात आपलं नाव नाही, हे गुपचूप मान्य करतो.

म्हणून ग्रामसभेत तीन ठराव मांडा. १९९१ च्या निर्णयात बसणारं प्रत्येक गायरान कसणाऱ्याच्या नावावर करा. बटाईदाराला हंगामापुरतं नोंदपत्र द्या. आंध्र प्रदेशात २०१९ पासून तसा कायदा आहे. पण तिथे मालकाची सही लागते, ती अट इथे नको, पंचांची साक्ष पुरेशी धरा. आणि पीक बुडाल्यावर वेचणीची मजुरी गमावणाऱ्या बायांनाही नुकसानभरपाईत धरा.

ठराव लेखी द्या, पोच घ्या. तोंडी बोलण्याला कागदावर किंमत नसते, हे बटाईने आपल्याला पुरेसं शिकवलंय.

जय भीम!